कामात गढलेल्या सहकाऱ्याकडे मदत मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहिली आहेत. मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी एका पतसंस्थेत आणि नंतर आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात मिळून पंचवीसहून अधिक वर्षे हिशेबाचे काम केले. या काळात माझ्या हाताखाली जी मुले आली, त्यांना हिशेब शिकणे फारसे जड गेले नाही. शेजारच्या टेबलावर मान खाली घालून बसलेल्या माणसाला "हे जरा सांगता का" असे विचारणे मात्र त्यांना फार जड गेले. त्यांनी मला एकांतात विचारलेले प्रश्नच येथे घेतले आहेत.

समोरची व्यक्ती इतकी कामात असताना तिला मदत मागणे योग्य आहे का?

योग्य आहे, आणि पुष्कळदा ते आपले कर्तव्यही असते. आपल्याकडे "भीड भिकेची बहीण" अशी म्हण आहे. भिडेपोटी गप्प बसणारा माणूस शेवटी अधिक अडचणीत येतो, असा तिचा अर्थ मी घेते, कारण मी ते स्वतः भोगले आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मार्चअखेरीस माझे तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुळत नव्हते. जमा आणि नावे या दोन बाजूंत १८० रुपयांचा फरक होता. रक्कम क्षुल्लक होती, परंतु ती सापडल्याशिवाय ताळेबंद पुढे सरकत नव्हता. ज्येष्ठ हिशेबनीस त्या आठवड्यात रात्री नऊपर्यंत बसत असत आणि त्यांच्या टेबलाजवळ जायचे मला धाडस होत नव्हते. मी दोन दिवस किर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेवार नोंदींची वही) ओळीने तपासत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, फरकाचा आकडा ऐकला आणि म्हणाले, "नऊने भाग जातोय. कुठेतरी आकडे उलटे पडलेत, तेवढेच शोध." ८,५३० ऐवजी ८,३५० अशी नोंद मला वीस मिनिटांत सापडली. दोन शेजारचे अंक उलटे लिहिले गेले, तर होणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो, हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांना ते पाठ होते. माझे दोन दिवस वाया गेले, हा त्यातला लहान भाग झाला. माझे पत्रक अडल्यामुळे त्यांचेही काम दोन दिवस अडले होते, आणि त्यांचा वेळ वाचवण्याच्या समजुतीने मी त्यांचाच वेळ घालवला होता. हे मला फार उशिरा उमगले.

विचारले तर "हिला काहीच येत नाही" असे मत होणार नाही का?

या भीतीचा मानसशास्त्रात अभ्यास झाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे आढळले की, अवघड कामात सल्ला विचारणाऱ्या व्यक्तीला सल्ला देणारे लोक कमी नव्हे तर अधिक सक्षम समजतात. काम अवघड असावे आणि ज्याला विचारले त्याला त्या विषयातले कळत असावे, एवढी अट त्यात आहे. सोप्या कामाबाबत विचारल्याने असा लाभ होत नाही.

होकार मिळेल की नाही याविषयीही आपला अंदाज चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. त्यासाठी सुमारे वीस जणांना विचारावे लागेल असे त्यांना वाटले होते, प्रत्यक्षात सुमारे दहा जणांतच काम झाले. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समोरच्याचा त्रास असतो. तोंडावर "नाही" म्हणणे समोरच्याला किती अवघड जाते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ही गोष्ट कळली की धीर येतो, पण जबाबदारीही येते. लोक भिडेपोटीही "हो" म्हणतात, म्हणून मागणी करताना त्यांना नकार देण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे.

मत वाईट होते ते एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारल्यावर. त्यासाठी एक वही ठेवावी आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी, तारखेसह, आपल्या शब्दांत लिहून ठेवावे.

विचारण्यापूर्वी स्वतः किती वेळ प्रयत्न करावा?

कार्यालयीन कामात मी अर्धा तास सांगते. तेवढ्या वेळात जुनी नस्ती (फाइल), मागच्या वर्षीची तशीच नोंद, परिपत्रक आणि स्वतःची वही एवढे पाहून होते. अर्ध्या तासानंतर आपण बहुधा त्याच दोन पानांत गोल गोल फिरू लागतो.

मात्र जेथे चूक मागे घेता येत नाही, तेथे अर्धा मिनिटही थांबू नये. रोखपालाच्या खिडकीवर पैसे बाहेर जाण्यापूर्वी, ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वळती करण्यापूर्वी, रुग्णाला औषध देण्यापूर्वी, चालू यंत्राला हात घालण्यापूर्वी शंका आली तर समोरचा कितीही कामात असला तरी विचारावे. आमच्या कारखान्यात मे महिन्यात रसाच्या प्रत्येक घाण्याचा ब्रिक्स, म्हणजे त्यातील विद्राव्य घटकांचे प्रमाण, मोजले जाई. एका नव्या मुलाला एका घाण्याचा आकडा नेहमीपेक्षा बराच कमी दिसला. आपलेच मोजण्यात चुकले असेल असे समजून तो पर्यवेक्षकाची वाट पाहत थांबला आणि तोवर तो रस डब्यांत भरून डबे बंदही झाले. भरण्यापूर्वी त्याने हाक मारली असती, तर फार तर पर्यवेक्षकाच्या कपाळावर आठी आली असती.

मदत मागायला योग्य वेळ कोणती?

या प्रश्नाचे उत्तर घड्याळात कमी आणि कोकणच्या वर्षचक्रात जास्त सापडते. आपल्या भागात प्रत्येक कामाची घाई वेगवेगळ्या महिन्यांत येते, आणि सहकाऱ्याची घाई कोणती हे ओळखणे हाच विचारण्याच्या कौशल्याचा अर्धा भाग आहे.

पतसंस्था, बँका आणि शासकीय कार्यालयांची घाई ३१ मार्चला टोकाला जाते. त्यामुळे जे प्रश्न वर्षअखेरीस येणार हे दिसत असते, ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच विचारून घ्यावेत. आंब्याशी संबंधित कामांत मार्च ते मे हा काळ असाच असतो. वाशीच्या बाजारासाठी पेट्या भरल्या जात असताना त्या गाडीचा हिशेब लिहिणाऱ्याला मागच्या आठवड्यातील बिलाविषयी विचारणे म्हणजे त्याच्या हातून पेट्यांची मोजणी चुकवणे होय. तोच माणूस गाडी निघून गेल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, निवांतपणे सगळे समजावून सांगतो. मासेमारीशी निगडित सोसायट्यांत चित्र उलटे असते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीस बंदी असते. या काळाच्या पहिल्या भागात तेथील कर्मचाऱ्यांना थोडी सवड असते, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नौका पुन्हा बाहेर काढण्याच्या तयारीमुळे सगळी कागदपत्रे एकदम अंगावर येतात.

शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर सोमवारी सकाळी खेड्यापाड्यांतून पहिल्या एसटीने आलेली माणसे दारात उभी असतात. त्या वेळी आपला अंतर्गत प्रश्न घेऊन लिपिकाच्या टेबलाशी जाणे त्या माणसांवरही अन्याय करणारे आहे, कारण त्यांची परतीची गाडी ठरलेली असते. दुपारी तीननंतर गर्दी ओसरते, तेव्हा जावे.

आणखी एक वेळ सांगते, जी कोठल्याही नियमात लिहिलेली नाही. जुलै महिन्यात वादळी पावसात लाईट जाते, संगणक बंद पडतात आणि खोलीत एकदम शांतता होते. ज्याला आठवडाभर मान वर करायला सवड नव्हती, तो माणूस खुर्ची मागे सरकवून खिडकीबाहेर पाहत बसतो. मी तेरीज, तरतुदी आणि घसारा (वापरामुळे यंत्रे वगैरेंची दरवर्षी कमी धरायची किंमत) यांतले बारकावे बहुतांशी अशाच दुपारी शिकले. वहीत प्रश्न लिहून ठेवलेले असतील, तर अशी संधी हातची जात नाही.

प्रत्यक्ष जाऊन विचारावे, फोन करावा की व्हॉट्सॲपवर लिहावे?

प्रत्यक्ष विचारल्यास होकार मिळण्याची शक्यता खूपच जास्त असते. २०१७ च्या एका अभ्यासात अनोळखी लोकांना तोंडी केलेली विनंती ईमेलने केलेल्या त्याच विनंतीपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरली. सहकारी अनोळखी नसतात, त्यामुळे आपल्याकडे फरक इतका मोठा पडेल असे मी म्हणणार नाही, पण दिशा तीच राहील.

दुसरी बाजूही आहे. एका कामातून मध्येच उठून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग आधीच्याच कामात अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. बेरीज करणाऱ्याला मध्येच हाक मारली, की त्याला पानाच्या वरपासून सुरुवात करावी लागते, हे हिशेबाच्या कामातला कोणीही सांगेल. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा. आधी दोन ओळींचा संदेश पाठवून विषय आणि लागणारा वेळ कळवावा, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळी प्रत्यक्ष जावे. ज्याचे उत्तर एका शब्दात किंवा एका आकड्यात येण्यासारखे आहे, ते संदेशावरच विचारावे. फोन तातडीसाठी राखून ठेवावा.

संदेश नेमका कसा लिहावा?

सर्वांत त्रासदायक संदेश "सर, एक काम होते" हा असतो. वाचणाऱ्याला काम पाच मिनिटांचे आहे की पाच तासांचे हे समजत नाही, म्हणून तो उत्तर लांबवतो. पाठवणारा मात्र संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा पाहत बसतो आणि समोरच्याला आढ्यता आली असे मनात धरतो. माझ्या पाहण्यातली बरीच मने या चार शब्दांमुळे दुखावली गेली आहेत.

त्याऐवजी असे लिहून पाहावे: "नमस्कार काका. मार्चच्या घसाऱ्याच्या तक्त्यात नव्या डिझेल जनरेटरची खरेदी १२ नोव्हेंबरची आहे. मागच्या वर्षीची नस्ती पाहिली, पण तेथे वर्षाच्या मध्ये घेतलेले यंत्र नाही. मी अर्ध्या दराने घसारा धरला आहे. तो बरोबर आहे का, एवढेच पाहायचे आहे. साधारण पाच मिनिटे लागतील. उद्या दुपारपर्यंत सांगितलेत तरी चालेल, आणि आपल्याला जमणार नसेल तर कोणाला विचारू ते कळवावे." या संदेशात काय अडले, स्वतः काय पाहिले, आपला अंदाज काय, किती वेळ लागेल, केव्हापर्यंत हवे आणि नकाराची वाट कोणती, हे सगळे आले आहे. यातला "आपला अंदाज" मी सर्वांत महत्त्वाचा मानते. कोऱ्या कागदावर उत्तर लिहून देण्यापेक्षा समोर ठेवलेल्या उत्तराला "बरोबर" किंवा "चूक" म्हणणे कामातल्या माणसाला पुष्कळ सोपे जाते. शिवाय आपला अंदाज चुकलेला असला, तर नेमके कोठे चुकलो हेही त्याला दिसते.

रुग्णालयांत याच कामासाठी एक ठरावीक पद्धत वापरली जाते. आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपले मूल्यमापन आणि शेवटी नेमकी मागणी, या क्रमाने परिचारिका डॉक्टरांना फोनवर माहिती देते. ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला सर्पदंशाचा रुग्ण आला असता "डॉक्टर, लवकर या" असे सांगण्यापेक्षा दंश केव्हा झाला, आता श्वास कसा चालला आहे, सूज कोठवर चढली आहे आणि आपल्याला काय हवे आहे, हे चार वाक्यांत सांगितले तर डॉक्टर वाटेतूनच सूचना देऊ शकतात.

संगणकाच्या अडचणीबाबत तर नेमकेपणा आणखी आवश्यक आहे. "सिस्टीम चालत नाही" या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. पडद्यावर जी सूचना आली ती शब्दशः लिहावी किंवा तिचे छायाचित्र पाठवावे, त्याआधी आपण कोणते बटण दाबले ते सांगावे, आणि शेजारच्या संगणकावरही तसेच होते का ते पाहून ठेवावे. पासवर्ड आणि ओटीपी मात्र मदत करणाऱ्यालाही सांगू नये.

मदत का हवी, हे कारण सांगणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि कारण खरे असावे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलेन लँगर यांच्या प्रयोगात झेरॉक्स यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाला "मला आधी पाच पाने काढू द्याल का" असे विचारले गेले. कारण न देता विचारले तेव्हा ६० टक्के लोकांनी होकार दिला. घाईत असल्याचे कारण दिले तेव्हा ९४ टक्के लोकांनी. "मला प्रती काढायच्या आहेत" असे नावापुरते कारण दिले तरी ९३ टक्के लोक तयार झाले. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग कमी जणांना माहीत असतो. पाने पाचवरून वीस केली, तेव्हा नावापुरते कारण देऊन २४ टक्केच होकार मिळाले, म्हणजे कारण न देता मिळाले तेवढेच; खऱ्या कारणाने ४२ टक्के मिळाले. मागणी मोठी झाली की समोरचा माणूस कारणाकडे नीट पाहतो, असा याचा अर्थ आहे. सहकाऱ्याची संध्याकाळ मागायची असेल, तर "जरा काम आहे" एवढ्यावर ती मागू नये.

कार्यालयाच्या ग्रुपवर विचारले तर कोणीच उत्तर देत नाही, असे का होते?

चाळीस जणांना एकदम विचारले, की प्रत्येकाला उरलेले एकोणचाळीस दिसतात. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतील व्यक्तीला अपस्माराचा झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांतील ८५ टक्के लोक झटका संपण्याआधी मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा ते प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. ही माणसे निष्ठुर नव्हती. जबाबदारी कोणाची हेच त्यांना स्पष्ट नव्हते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही काही जण चिखल काढायला तेथे गेलो होतो. "कोणीतरी या" असे निरोप सगळीकडे फिरत होते आणि माणसे नेमके कोठे जावे या संभ्रमात रस्त्यावर उभी होती. ज्या घरातून "तुम्ही दोघे फावडे घेऊन मागच्या खोलीत चला, ताई, तुम्ही भिजलेली कागदपत्रे वेगळी करा" असे सांगितले गेले, तेथे काम लगेच मार्गी लागले. ग्रुपवरही हेच करावे. प्रश्न एकाच व्यक्तीचे नाव घेऊन विचारावा. ती व्यक्ती कोण हे माहीत नसेल, तर "हे काम पूर्वी कोणी केले आहे, एवढेच कळवावे" असा छोटा प्रश्न टाकावा आणि पुढचे बोलणे वैयक्तिक करावे.

ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा रुग्णाची माहिती ग्रुपवर टाकू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला; पण कायदा नसता तरी ज्याने विश्वासाने कागद आपल्या हाती दिला, त्याची माहिती चाळीस जणांच्या फोनवर जाता कामा नये.

पदाने लहान पण वयाने मोठ्या सहकाऱ्याला कसे विचारावे?

आपल्याकडे हा प्रसंग नेहमीचा आहे. स्पर्धा परीक्षा देऊन पंचविशीत अधिकारी झालेली मुलगी येते, आणि ज्याला कार्यालयातील प्रत्येक नस्ती कोठे आहे हे ठाऊक आहे, तो शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षाला टेकलेला असतो. अशा वेळी पदाने हुकूम देता येतो, पण माहिती मिळते ती मानाने. "काका, हे तुम्हालाच माहीत असणार" असे म्हणून, शक्य असल्यास त्यांच्याजवळ जाऊन विचारावे. त्यांना आपल्या टेबलासमोर उभे करून विचारू नये, आणि उत्तराचा उपयोग झाल्यावर चारचौघांत त्यांचे नाव घ्यावे.

वरिष्ठांच्या बाबतीत मी एकच सांगेन. साहेबांचा किंवा मॅडमचा वेळ मागताना सगळे कागद हातात असावेत. "आणून दाखवतो" असे म्हणून अर्ध्यातून परत फिरण्याची वेळ येऊ देऊ नये.

उत्तरच आले नाही, किंवा नकार आला, तर?

उत्तर न येणे म्हणजे नकार असे लगेच समजू नये. एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्यावा आणि मग तोच संदेश नव्या मुदतीसह एकदाच पुन्हा पाठवावा. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर दुसऱ्याला विचारून पहिल्याला "काम झाले, आता पाहण्याची गरज नाही" असे अवश्य कळवावे. हे न कळवल्यामुळे एकाच प्रश्नावर दोघांनी आपापली संध्याकाळ घालवल्याचे मी पाहिले आहे, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे उत्तर वाया गेले त्याचा चेहरा आठवला की आजही वाईट वाटते.

नकार आल्यास कारण विचारत बसू नये. "हरकत नाही, कळवलेत ते बरे झाले" एवढे म्हणावे आणि ते मनापासून म्हणावे.

गणपतीच्या रजेत माझे काम कोणी पाहील, हे कसे ठरवावे?

कोकणातल्या कार्यालयांत हा वर्षातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, कारण गणपती प्रत्येकाच्याच घरी येतो. येथे मला सोयीची वाटलेली रीत अशी आहे. प्रत्येकाच्या घरचा गणपती सारख्याच दिवसांचा नसतो. कोणाकडे दीड दिवसाचा असतो, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाचे विसर्जन गौरींबरोबर होते, तर कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत मूर्ती असते. दीड दिवसाचा गणपती असलेला सहकारी तिसऱ्या दिवशी कामावर येऊन गौरीवाल्याचे टेबल सांभाळू शकतो, आणि त्या बदल्यात शिमग्याला पालखी त्याच्या दारी येते तेव्हा त्याला रजा मिळू शकते. एवढी साधी जुळवणी करण्यासाठी दोन महिने आधी सगळ्यांच्या दिवसांची यादी एका कागदावर मांडावी लागते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि गाव दुसऱ्या तालुक्यात असलेला माणूस तिकिटासाठी त्या दिवसाची वाट पाहतो. मग टेबल सांभाळण्याची विनंती चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी करणे त्याच्या सहकाऱ्यावर अन्यायाचे आहे.

काम सोपवताना प्रलंबित प्रकरणांची यादी, कोणते प्रकरण थांबू शकते आणि कोणते नाही, आणि कोणत्या गोष्टीसाठी आपल्याला फोन केला तरी चालेल, हे लिहून द्यावे.

जी व्यक्ती नेहमी मदत करते, तिलाच सगळे विचारतात. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. प्रत्येक कार्यालयात अशी एक व्यक्ती असते, आणि माझ्या अनुभवात ती बहुधा स्त्री असते. ज्या कामाचे श्रेय बढतीच्या वेळी कोणी धरत नाही, ते काम स्त्रियांना अधिक वेळा सांगितले जाते आणि त्यांच्याकडून ते अधिक वेळा स्वीकारले जाते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही दिसले. सभेचे इतिवृत्त, निरोप समारंभाची वर्गणी, नव्या मुलांना शिकवणे ही सगळी कामे एकाच ताईकडे जात असतील, तर विचारण्यापूर्वी मागच्या महिन्यात आपण तिला किती वेळा विचारले ते मोजावे आणि या वेळी दुसऱ्या टेबलाकडे जावे. दुसऱ्याला आधी थोडे जड जाईल. त्याला सवय नसते इतकेच.

मदतीची परतफेड कशी करावी?

आपल्या गावांत लावणीच्या दिवसांत सावड चालते. रोपे लावणीला आली की पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि एका घराच्या माणसांनी सगळी खाचरे वेळेत उरकत नाहीत, म्हणून आज तुमच्या शेतात मी येते आणि परवा माझ्या शेतात तुम्ही या, असा व्यवहार असतो. सावडीला बोलावणारा कोणत्या दिवशी, कोणत्या खाचरात आणि किती माणसे हवीत हे आधी सांगतो, आणि कोणाचे किती दिवस देणे आहे हे बायकांना वर्षभर तोंडपाठ असते. कागदावर काहीच नसते, तरी कोणी विसरत नाही.

कार्यालयातील मदत मी नेहमी याच हिशेबात धरत आले. ज्यांनी मला नऊचा ताळा शिकवला, त्यांना संगणकावरचा तक्ता जमत नव्हता. पुढची तीन वर्षे त्यांचे सगळे तक्ते मी करून दिले. परतफेड त्याच व्यक्तीची आणि तिला खरोखर उपयोगी पडेल अशा कामाने झालेली उत्तम. मिठाई किंवा आंब्याची पेटी देण्याची पद्धत मला पटत नाही, विशेषतः शासकीय कार्यालयात; त्यातून मदतीला किंमत चिकटते आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका येते.

आणि मदतीचे पुढे काय झाले, हे जरूर कळवावे. "काका, लेखापरीक्षणात तो घसारा मंजूर झाला" एवढे वाक्य त्यांना पुरते. ते न कळवणारा माणूस पुढच्या वेळी विचारायला येतो, तेव्हा समोरच्याला मागचे उत्तर कामी आले की नाही हेही ठाऊक नसते.

मीच कामात असताना कोणी नवीन मुलगा विचारायला आला, तर काय करावे?

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या पथकांत चुकांच्या नोंदी कमी नव्हे तर जास्त सापडल्या. तेथील परिचारिकांना चूक सांगायची आणि विचारायची भीती वाटत नव्हती, म्हणून त्या चुका कागदावर येत होत्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्या टेबलाशी आलेल्या मुलाला एकदा झिडकारले, तर तो पुन्हा येत नाही, आणि त्याच्या चुका मग थेट ३१ मार्चला भेटतात.

तरीही हातातली बेरीज सोडून प्रत्येक वेळी मान वर करावी, असे मी म्हणत नाही. पेन्सिलीने पानावर खूण करावी, "आत्ता नाही, सव्वाचारला ये, खतावणी घेऊन ये आणि तुला काय वाटते ते आधी लिहून आण" असे सांगावे, आणि सव्वाचारला शेजारची खुर्ची रिकामी करून ठेवावी.